रक्त लागलेली खारीक

ब्रश करून थुंकल्यावर जे खाली बघत नाहीत, पटकन तांब्याभर पाणी ओतून मोकळे होतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी तुम्हाला चांगली ओळखते. माझं अर्धं आयुष्य त्या तांब्यात गेलं.

मी डॉक्टर नाही, मुकुटबनची एकाहत्तर वर्षांची म्हातारी आहे. माझ्या तोंडात स्वतःचे सात दात आहेत, बाकी कवळी. आणि बटव्यात एक खारीक आहे. सात दात कसे वाचले आणि खारीक कशासाठी, एवढंच सांगायचं आहे. आधीच बजावते, क्षमाशील आजी शोधत असाल तर दुसरं कुणीतरी वाचा.

पसंती

माझं माहेर राजूरचं. वडील कोळशाच्या खाणीत. आमच्या गल्लीत सगळेच कोळशाच्या भुकटीनं दात घासायचे. सकाळी अख्खी गल्ली काळं थुंकायची. सासर मुकुटबनचं, कापूस-तुरीचं. मला पाहायला आले तेव्हा सासूबाई हयात नव्हत्या, तरुणपणीच गेल्या होत्या. म्हणून कारभार थोरल्या नणंदेकडे, पुसदला दिलेल्या इंदुताईंकडे. माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. जरीकाठाची साडी, ताठ मान, आणि हसताना ओठ जेमतेम उघडायची सवय. कुसुमला वाटलं, शहरातल्या बायका अशाच हसत असतील.

कुसुम म्हणजे मीच, पण अठरा वर्षांची. तिच्या मूर्खपणाची जबाबदारी मी घेत नाही, म्हणून तिला नावानंच हाक मारते.

त्या घराण्यात मुलीला गाणं म्हणायला सांगत नसत, विणकाम बघत नसत. तिच्या हातावर एक खारीक ठेवत. ती दातानं फोडायची, बी काढायची आणि अर्धी खारीक घरातल्या मोठ्या बाईला द्यायची. बैल घेताना दात बघतात तसंच ते, फक्त आम्ही त्याला रीत म्हणायचो.

"हास ना पोरी," इंदुताई म्हणाल्या. कुसुम हसली. मग खारीक आली. शहाण्या मुलीनं ती दाढेखाली धरली असती. कुसुमला ऐट दाखवायची होती. तिनं समोरच्या दातांनी कडकन फोडली आणि अर्धी पुढं केली. त्या अर्ध्या खारकेवर रक्ताची बारीक रेघ होती.

इंदुताईंनी खारीक पाहिली. कुसुमकडे पाहिलं. खारीक रुमालात गुंडाळली आणि म्हणाल्या, "पसंत आहे."

कुसुमला वाटलं, माझे डोळे आवडले असतील. गाढव!

कुसुमचे उपाय

लग्नानंतर इंदुताई दर दिवाळीला यायच्या आणि दर दिवाळीला त्या खारकेची गोष्ट नव्यानं काढायच्या. "कोळशानं दात घासणाऱ्या घरातली आणली आम्ही," असं चार बायकांत सांगायच्या. फोटो काढायची वेळ आली की, "कुसुम, तू तोंड मिटून राहा वं." मी मिटून राहायची. आमच्या घरातल्या एकाही फोटोत मी हसलेली नाही.

रक्त येतच होतं. कुसुमनं त्यावर शोधलेला उपाय म्हणजे मशेरी. तव्यावर काळीकुट्ट भाजलेली तंबाखू सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर रगडायची. हिरड्या बधिर व्हायच्या. कळलं नाही म्हणजे बरं झालं, असं तिचं शास्त्र. शिवाय मशेरी काळी, थुंकी काळी, त्यात लाल काही दिसायचंच नाही. दुहेरी फायदा!

दात पडू लागले ते असे: किडलेले नाहीत, दुखले नाहीत. पांढरेशुभ्र, सबंध, मुळासकट. भाकरीच्या घासात एखादा सापडायचा. प्रत्येक बाळंतपणानंतर एक जायचा आणि शेजारणी म्हणायच्या, बाईच्या जातीला चालतंच हे. कुसुमनं ते कुंकवाच्या जुन्या करंड्यात जमा करून ठेवले. जणू पुढं कुणी परत बसवून देणार होतं. पस्तिशीत समोरची सगळी ओळ करंड्यात होती.

माझ्या आईचे असेच गेले होते, मामाचेही. आम्ही सगळे कोळशाला शिव्या द्यायचो. पण आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी सखूबाई त्याच कोळशानं घासायची, तीच मशेरी लावायची, आणि म्हातारपणी बसून ऊस सोलायची, दातांनी. कोळसा तोच, मशेरी तीच, मग आमच्याच घरचे दात का गेले, हा प्रश्न कुसुमला कधी पडला नाही. तिला फक्त लाज वाटायची. लाजेत डोकं चालत नाही.

मोरीतलं पाणी

मयुरी माझ्या मुलाची मुलगी. तेवीस वर्षांची, वणीला शिकवण्या घेते. मागच्या उन्हाळ्यात एका सकाळी मी मोरीजवळ भांडी उपडी घालत होते. मयुरीनं ब्रश केला, थुंकली आणि बघता बघता तांब्या ओतला.

तो तांब्या ओतण्याचा वेग मला ठाऊक होता.

"इकडं ये," मी म्हटलं. "तोंड उघड."

"काही नाही आजी, ब्रश कडक आहे."

"ब्रशाले मरू दे. उघड म्हटलं ना."

खालचे समोरचे दोन दात बोटानं हलले. हिरड्या जांभळट, फुगलेल्या. मी हात काढून घेतला. पोरगी रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "मी तुझ्यासारखीच होणार ना?"

लहानपणापासून सगळे तिला सांगायचे, तू अगदी आजीवर गेलीस. तिला ते ऐकून आनंद व्हायचा. त्या दिवशी माझ्याच तोंडाचा मला असा राग आला, की कवळी काढून फेकावी.

"नाही होणार," मी म्हटलं. "मी जित्ती आहे तंवर नाही."

मुलगा म्हणाला, "दातासाठी यवतमाळले कायले जाता? वणीत काढून टाकू ना एखादा." बोलताना गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा होताच. दुसऱ्या दिवशी मी मयुरीला घेऊन यवतमाळची सकाळची एसटी धरली.

कागदावरची वर्तुळं

हिरड्यांची डॉक्टरीण मयुरीपेक्षा फार मोठी नव्हती. तिनं बारीक काडीनं एकेक हिरडी मोजली, फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. दात दिसत होते, पण त्यांच्याखालचं हाड खचलं होतं.

"हे या वयात इतकं व्हायला नको," ती म्हणाली. "घरात आणखी कुणाचे दात लवकर गेलेत?"

मी खालची कवळी काढून तिच्यासमोर धरली.

ती घाबरली नाही. "आजी, पुढच्या खुर्चीत तुम्हीही बसणार आहात," म्हणाली.

मग तिनं समजावलं. दातांवर जंतू सगळ्यांच्याच असतात. पण काहींच्या हिरड्या त्यांच्याशी गरजेपेक्षा जास्त भांडतात, आणि त्या भांडणात स्वतःचंच हाड झिजवून बसतात. हा भांडखोर स्वभाव घराण्यातून येऊ शकतो. त्यात तंबाखू आली, की भांडण आणखी पेटतं.

"म्हणजे रक्तातच आहे," मी म्हटलं. "मंग संपलं."

"संपलं काही नाही. घराण्यातून कल येतो आजी, दात पडायची तारीख येत नाही. लवकर धरलं तर दात राहतात. तुमच्या वेळी कुणी धरलं नाही, एवढंच."

कुणी धरलं नाही. कुसुमला मी तिथल्या तिथं चार शिव्या घातल्या. दुसऱ्या कुणाला घालायच्या ते मला अजून माहीत नव्हतं.

डॉक्टरिणीनं कागद घेतला. माणसासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. ज्याचे दात चाळिशीच्या आत गेले त्याचं घर काळं करायचं. मी काळी. आई काळी. मामा काळा. मग माझ्या यजमानांची बाजू. ते आठ वर्षांपूर्वी गेले, पण शेवटच्या दिवसापर्यंत भुईमूग फोडून खायचे. सासूबाईंचं कुणाला माहीत नव्हतं. इंदुताईंची बत्तिशी तर घराण्याची शान. ती सगळी बाजू कोरी राहिली.

घरी आल्यावर मुलानं कागद पाहिला. "म्हणजे आईकडूनच आलं," म्हणाला. वाईट हेतूनं नाही. पण सूनबाईनं मान खाली घातली. माझ्या पानातलं वरण तसंच राहिलं.

बधिर ओठांचा चहा

दोघींचे उपचार असे: एका वेळी तोंडाचा एक कोपरा. सुई, बधिरपणा, मग हिरडीच्या आत जाऊन साफसफाई. दुखत नाही, पण आवाज कवटीत घुमतो. सुईच्या वेळी तिथली मदतनीस बाई माझा हात धरायची. न सांगता धरायची आणि न सांगता सोडायची. असा हात मला बाळंतपणातही मिळाला नव्हता.

मशेरी त्या दिवसापासून बंद. पहिले पंधरा दिवस मी घरातल्या प्रत्येकाशी भांडले. डबी उकिरड्यावर टाकली, परत आणली, परत टाकली. शेवटी तिच्यात शेण भरलं, म्हणजे पुन्हा हात जाणार नाही.

एकदा दोघींचा डावा गाल बधिर होता. स्टँडवर चहा घेतला. तिच्या ओठातून सांडला, माझ्याही. चहावाला म्हणाला, "काय झालं वो माय?" मी काहीतरी बोलले, ते माझं मलाच कळलं नाही. मयुरी इतकी हसली की चहा नाकातून आला. रस्त्यावर, चार लोकांत, तोंड उघडं टाकून हसत होती. मीही.

पण रोज सकाळी ती माझ्यापुढं येऊन उभी राहायची. "आजी, हलते का आज?"

मी बोट लावायची. "कालच्यापेक्षा कमी."

खोटं बोलत होते. डॉक्टरीण म्हणाली होती, हे दोन राहतील की जातील ते तीन महिन्यांनी कळेल. मी दर सकाळी खोटं बोलायची आणि मग देवापुढं न जाता मोरीत जाऊन बसायची. एक दिवस बोट लावलं आणि खरंच कमी हललं. त्या दिवशी मात्र मी पुन्हा पुन्हा बोट लावून बघत राहिले. मयुरी घाबरली. "जातेत का आजी?" मी मानेनंच नाही म्हटलं.

मोडलेलं स्थळ

याच काळात पुसदचं एक स्थळ चालून आलं होतं. मुलगा पाहून गेला, पसंती कळवली, तारीख बघू म्हणाले. मग गप्प. शेवटी मीच फोन केला. मुलाची मावशी सरळ बाई होती. म्हणाली, "तुमच्याच घरच्यांनी सांगितलं हो. इंदुताई म्हणाल्या, पोरीच्या आजीचं तोंड पस्तिशीत बोळकं झालं, रक्तातच आहे, पुढच्या पिढीचा विचार करा."

मयुरी म्हणाली, "बरंच झालं. ज्यांना हिरड्यांची भीती वाटते ते संसार काय करतील?" पण त्या आठवड्यात ती कुणासमोर हसली नाही. ओठ मिटून राहिली. फोटोतल्या माझ्यासारखी.

मी बाजारात गेले. एक खारीक निवडून घेतली, दगडासारखी कडक. दुकानदार म्हणाला, "एकच?" मी म्हटलं, "एकच पुरते." ती बटव्यात टाकली आणि इंदुताईंची गाठ पडायची वाट बघू लागले.

बाकावर

फार वाट बघावी लागली नाही. तीन महिन्यांच्या तपासणीला आम्ही यवतमाळला गेलो. दवाखान्याच्या बाकावर तोंडाला रुमाल लावून एक म्हातारी बसली होती. शेजारी सतरा-अठराची मुलगी. रुमाल असला तरी मान ओळखीची होती.

"अवो इंदुताई," मी म्हटलं. "इकडं कशा? पुसदले दवाखाने संपले का?"

त्या दचकल्या. "पूर्वाला दाखवायला आणलं. माझी नात. जरा साफसफाई करायची आहे, बाकी काही नाही."

मी पूर्वाकडे वळले. आवाज मुद्दाम तसाच काढला, त्रेपन्न वर्षांपूर्वी ऐकला होता तसा. "हास ना पोरी."

ती बिचारी हसली. तिच्या हिरड्या जांभळट, फुगलेल्या होत्या. ते तोंड माझं होतं, अठराव्या वर्षीचं. आणि त्या पोरीत माझ्या रक्ताचा थेंब नव्हता. माझ्या माहेरचा नाही, राजूरच्या कोळशाचाही नाही. ती इंदुताईंच्या मुलाची मुलगी होती.

मी बटवा उघडला. खारीक काढून इंदुताईंच्या हातावर ठेवली.

"फोडा."

"हे काय वं कुसुम, लोक पाहून राह्यले."

"पाहू द्या. तवाही पाहात होते. घराण्याची शान आहे ना तुमच्या तोंडात? फोडा, अन् अर्धी मले द्या."

इतकी वर्षं मला त्या बाईचा आवाज खाली गेलेला माहीत नव्हता. तो गेला. "दात माहे नाहीत."

"कवापासून?"

"अडतिशीत नागपूरले जाऊन सारे काढले. फक्त माह्या मालकालेच माहीत होतं. आईचे तं तिशीतच गेलते. आई पदर तोंडावरून काढतच नव्हती."

मला सगळं एकदम दिसलं. आमच्या शेतातला भुट्टा त्यांनी कधी दातानं खाल्ला नव्हता; दाणे काढून द्यावे लागत. पेरूच्या फोडी करून लागत. मी त्याला शहरी वळण समजायची. स्वतः कवळी लावणाऱ्या बाईला दुसरीची कवळी ओळखता येऊ नये! इथं कुसुमला दोष देता येत नाही, हे मीच केलं.

"मंग मले पसंत काहून केलं?" मी विचारलं. "खारकेले रक्त लागलं होतं. पाहिलं होतं तुम्ही."

इंदुताईंनी खारकेकडेच बघत सांगितलं. "म्हणूनच केलं. तवा माह्याही हिरड्यातून रक्त येत होतं. घरात तुह्यासारखी एक आली, तं लोक तुह्या तोंडाकडं पाहातीन. माह्याकडं कोणी पाहाणार नाही."

डोळे नव्हते आवडले तर! त्रेपन्न वर्षं मी त्यांच्या तोंडावरचा पदर झाले होते.

मयुरीनं माझं मनगट घट्ट धरलं. तिला वाटलं मी हात उचलीन. उचललाही असता. पण तेवढ्यात आतून पूर्वाचं नाव पुकारलं गेलं, आणि मला त्याहून चांगलं काहीतरी सुचलं.

"चला," मी म्हटलं. "आता हेच सारं डॉक्टरीणबाईसमोर सांगा. तुमचंही अन् सासूबाईंचंही. एक शब्द गाळायचा नाही. दोन्ही पोरी उभ्या राहून ऐकतीन."

"लोक काय म्हणतीन?"

"जे माह्याबद्दल म्हणाले तेच."

कोरी बाजू

त्यांनी सांगितलं. खुर्चीच्या कडेला उभं राहून, हळू आवाजात, पण सगळं. पूर्वा आजीकडे अशी बघत होती जणू पहिल्यांदाच बघते आहे. डॉक्टरिणीनं आमचा जुना कागद काढला. कोऱ्या बाजूला दोन वर्तुळं होती. तिनं पेनानं ती काळी केली.

"जरा ठळक करा बाई," मी म्हटलं.

तिनं केली. मग म्हणाली, मयुरीकडे हे दोन्ही बाजूंनी येऊ शकतं; ज्याचे स्वतःचे दात टिकले तोही पुढं देऊ शकतो; आता या घरातल्या सगळ्या मुलांना वेळेत तपासायला हवं. पूर्वाचं फार पुढं गेलं नाही, बरं झालं आणलंत. एवढी एक गोष्ट चाळीस वर्षांआधी कुणी बोललं असतं तर, ती म्हणाली, आणि पुढचं तिनं गिळलं. मी गिळलं नाही. पुढचं सगळं मी बोलले. ते इथं छापण्यासारखं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, आता त्या स्थळाला फोन लावा आणि खरं सांगा. तेवढं मात्र मयुरीनं होऊ दिलं नाही. "मला ते घरच नको आजी." माझ्या हातची ती एक चपराक तिनं हिसकावून घेतली.

इंदुताई जिन्यात थांबल्या. "कुसुम, मले माफ करशीन?"

"नाही," मी म्हटलं.

ते खरं होतं, आजही आहे. तुम्हीही कुणाला माफ करायलाच हवं असं नाही. दात वाचायला त्याची गरज लागत नाही. रोज दोनदा घासणं लागतं, फटीतला तो इवलासा ब्रश लागतो, तंबाखू सोडावी लागते, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना खरं विचारावं लागतं.

मयुरीचे ते दोन दात आता मागून बारीक तारेनं बांधलेत. हलत नाहीत. आता मी खोटं न बोलता सांगते. माझेही सात जागच्या जागी आहेत. माझ्या मुलाच्याही हिरड्या तपासल्या. खर्रा सुटता सुटत नाही, पण आता तो माझ्यासमोर खात नाही, कारण माझ्या हातात चप्पल असते.

आणि दर तीन महिन्यांनी मी पुसदला फोन लावते. "इंदुताई, पोरीची तपासणी आली. घेऊन येता, की तुमच्या भजनी मंडळाले कवळीची गोष्ट सांगू?" त्या मला शिव्या देतात. शिव्या देत देत पूर्वाला घेऊन येतात. पूर्वाच्या थुंकीत आता रक्त नाही. ती मला हसून दाखवते, न सांगता.

खारीक त्या दिवशी मी परत घेतली. बटव्यातच आहे. कीड लागू नये म्हणून अधूनमधून उन्हात घालते. इंदुताईंना ऐंशी लागलं. अलीकडे म्हणतात, आता बोलावणं आलं तर बरं. मी सांगून ठेवलंय, पूर्वाची बत्तिशी पक्की झाली असं डॉक्टरीणबाई म्हणेपर्यंत मी तुम्हाला मरू द्यायची नाही.